भरू नकोस

पहाटे तीनला कोशित्सेमध्ये
ट्रामच्या तारांवर बर्फ साचत असतं,
आणि तिसऱ्या मजल्यावर मी
पेशींच्या थरावर एक चरा ओढते,
पिपेटच्या टोकानं, सरळ,
पाटीवर पेन्सिलीनं ओढावा तसा.
मग दर तासाला एक फोटो.

त्यांना डोळे नाहीत, तरी वाट सापडते.
दोन्ही काठांवरून सरकत येतात
पाय फुटल्यासारख्या,
उजाडेपर्यंत चरा बुजवून टाकतात.
एवढं एकच काम त्यांना ठाऊक:
उघडं दिसलं की झाकायचं.

एरवी मी त्यांना शाबास म्हटलं असतं.

पण या पेशी एर्विनच्या आहेत.
चौदा महिन्यांचा. डाव्या डोळ्याच्या
शस्त्रक्रियेत निघालेला पापुद्रा, कणीएवढा,
आईच्या सहीनं माझ्याकडे आला.

श्पिशकडच्या त्यांच्या वस्तीत सगळे म्हणायचे
बारे याखा, बारे याखा,
काय टपोरे डोळे पोराचे!
झेल्मीराला बरं वाटायचं ऐकून.
दृष्ट लागू नये म्हणून तिनं
त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधला.
उजेडात आणलं की तो तोंड
तिच्या कुशीत खुपसायचा,
लाजरा आहे, म्हणायच्या शेजारणी.
डोळे सारखे गळायचे.
पानी, ती सांगते मला, नुसतं पानी.
आणि आतलं पाणी तुंबून
डोळाच ताणत चाललेला.
त्या टपोरेपणाला आमच्याकडे
पाऱ्याचं माप आहे: अडतीस.

डॉक्टर हुडाकोवांनी बुबुळाच्या कडेला
पाण्यासाठी मोरी केली, केसाहून जराशी रुंद.
उजव्या डोळ्याची टिकली.
डाव्याची सहा आठवड्यांत बुजली.
पुन्हा केली.
पुन्हा बुजली.
साठीतल्या माणसाची जखम कशी रेंगाळते,
हा तर दुधाच्या अंगाचा,
रात्रीतून खपली धरणारा.
बरं व्हायला इतका उतावीळ
की बरं होता होताच दिसेनासं व्हावं.

म्हणून जखमेवर औषधाचा बोळा,
तीन मिनिटं, घड्याळ लावून.
चौथ्या मिनिटाला कातडं झिरझिरीत होतं.
दुसऱ्या मिनिटाला काढला, तर काढलाच का ठेवला होता?
या दोन आकड्यांच्या मध्ये
माझी अकरा वर्षं गेली.

हे सगळं मी झेल्मीराला सांगितलं,
कागदावर डोळा काढून, त्याला मोरी काढून.
ती चित्राकडे बघत राहिली.
"म्हणजे देवाकडे मागायचं,
की माझ्या पोराची जखम भरू देऊ नकोस?"
मी हो म्हणाले.
तिनं तळहात उलटा करून दाखवला,
चुलीचा जुना डाग, चकाकणारा.
"हा भरला तेव्हा
कुणी माझ्याकडे लक्षही दिलं नव्हतं."
कागद घडी करून तिनं
ब्लाउजच्या आत ठेवला.

सहा वाजून दहा मिनिटं.
बारा खळग्यांपैकी अकरांत
पेशी एकमेकींना येऊन मिळाल्यात,
जत्रेतल्या गर्दीसारख्या.
बाराव्यात अजून एक फट आहे.
मी तिला यश म्हणत नाही,
काचेचा दोषही असू शकतो.
वहीत फक्त वेळ लिहिते.

खाली वॉर्डात एर्विननं
चांगल्या डोळ्यावरची पट्टी उपटून
रेडिएटरला चिकटवलीय.
अधू डोळ्यानं बघायची सवय लागावी
म्हणून झेल्मीरा दुसरी लावते,
दातांनी कागद सोलून.
तो भोकाड पसरतो.
ती त्याच्या भाषेत, तिच्या भाषेत
काहीतरी पुटपुटते, त्यातला
एकच शब्द मला कळतो.

खिडकीबाहेर बर्फावर उजेड चढतोय.
रडता रडता तो मध्येच थांबतो,
मान तिकडे वळवतो.
आईच्या कुशीत शिरत नाही,
अजून तरी.